पिलसुनच्या जबड्यातली गाठ

मुखो बंदरातल्या सुक्या मासळीच्या बाजारात पिलसुनच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाईक सुकं माकूल हातात घेऊन वाकवून बघायला लागलं की ती म्हणायची, वाकवू नका, तो काही तुमचा नवरा नाही. आणि माल समोरच्या दर्याचाच ना, अशी नुसती शंका कुणाच्या डोळ्यांत दिसली तरी ती त्याच माकुलाची एक तंगडी तोडायची, स्वतःच्या दाढेखाली घालायची आणि त्या माणसाच्या नजरेला नजर लावून सावकाश चावत राहायची. माणूस ओशाळून पाकीट काढायचा. सत्तरी ओलांडली तरी दात सगळे स्वतःचे आहेत असं ती सांगायची आणि बाजार मान डोलवायचा, कारण मान न डोलवण्यात धोका होता.

म्हणून तिचा डावा जबडा फुगायला लागला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मुखोत पोरींना लहानपणापासून दटावतात की सुकं माकूल चघळू नका, जबडा चौकोनी होईल आणि कुणी करून घेणार नाही. शेजारच्या गाळ्यावरची बोंगजा म्हणाली, उभा जन्म तू माकूल चावलंस, आता ते तुला चावतंय. पिलसुन म्हणाली, माझा जबडा चौकोनी झाला, तुझं तर अख्खं शरीर झालंय, तू काय खातेस?

एकट्या मिरानला ते पटलं नव्हतं. मिरान म्हणजे पिलसुनची सून. तिच्याबद्दल सांगायचं तर तिचं हे दुसरं लग्न. पहिलं मोडलं तेव्हा पदरात सहा वर्षांची मुलगी होती. बाजार अशा बाईला गाठवाली म्हणतो. मूल म्हणजे तिच्या अंगाला लोंबणारी गाठ. पिलसुनच्या मुलानं, इन्चोलनं, हट्ट धरला तेव्हा पिलसुन लग्नाला तयार झाली, पण एका अटीवर. तिनं मिरानला समोर बसवून सांगितलं होतं, तू ये, गाठ तुझ्या आईकडे ठेवून ये. मिराननं ठेवली. मुलगी सामचोकला आजीजवळ वाढली, शिकली, नोकरीला लागली, आणि या घराचा उंबरा तिनं एकदाही ओलांडला नाही. त्या घरात आणखी एक नियम होता. विचारल्याशिवाय सुनेनं बोलायचं नाही. मिराननं तोही पाळला, इतका पाळला की बाजारातल्या कितीजणांना तिचा आवाज ओळखता आला नसता.

तरी सूज दिसायला लागली तेव्हा एके दिवशी माकुलं सुकवायला काठ्यांना लावता लावता ती आपणहून म्हणाली होती, "आई, सूज एकाच बाजूला आहे. चावून चावून आली असती तर दोन्हीकडे आली असती."

"तुला विचारलं कुणी?" पिलसुन म्हणाली. "मी आजारी पडावं, इस्पितळात जावं आणि तू या गाळ्यावर मांडी ठोकून बसावं, हेच ना? माझा जबडा आहे. माझ्या मालानं घडवलाय."

मिरान पुन्हा माकुलं लावायला लागली. ती गप्प बसली की पिलसुनला जास्तच राग यायचा. भांडणाऱ्या बाईला कोपऱ्यात घेता येतं, गप्प बसणारीला कुठून पकडणार?

मग राजधानीतून, सोलहून पिलसुनची मुलगी आली, सूजोंग. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि फोटोत आजीचा जबडा असा दिसला तर व्याही काय म्हणतील या काळजीनं तिची झोप उडाली होती. तिनं आईला सोलला नेलं, एका चकाचक दवाखान्यात, जिथे रांगेतल्या सगळ्या पोरी एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसत होत्या. तिथे जबड्याच्या मांसात सुई देतात. मांस झोपी जातं, कामाविना वाळतं, आणि चेहरा निमुळता होतो. तिथल्या डॉक्टरनं चेहऱ्याकडे बघून विचारलं, माकूल फार चघळता का? पिलसुन म्हणाली, विकते. तो हसला आणि त्यानं सुई दिली. काही महिन्यांनी पुन्हा एकदा दिली.

सुईनं काम चोख केलं. डाव्या जबड्याचं मांस वाळलं, आणि वाळलेल्या मांसातून गाठ वर आली. ओहोटीला खडक उघडा पडतो तशी. आता ती चेस्टनटएवढी स्पष्ट दिसत होती, बोटानं ढकलली तर जराशी सरकत होती, आणि दाबली तर कानापासून हनुवटीपर्यंत मुंग्या धावत होत्या. लग्न झालं. फोटो आले. फोटोवाल्यानं पिलसुनचा डावा गाल पुसून तिथे कुणाचा तरी गुळगुळीत गाल बसवला होता. पिलसुननं तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि भिंतीला टांगायच्या ऐवजी तांदळाच्या डब्याखाली सारला. सूजोंगचे फोन त्यानंतर कमी झाले. झाले ते बरंच झालं, असं पिलसुन म्हणाली, पण फोन वाजला की आधी बघायची.

शेवटी इन्चोलनंच तिला गांगनुंगच्या मोठ्या इस्पितळात नेलं. इन्चोल माकुलाच्या बोटीवर जातो. माकूल वर खेचायला बोटीवर इतके झगझगीत दिवे असतात की त्याला किनाऱ्यावरचं काही नीट दिसत नाही, असं पिलसुन म्हणते. आई आणि बायको यांच्यात जे चाललंय ते तर त्याला कधीच दिसलं नाही. इस्पितळात तिला नळीसारख्या यंत्रात झोपवलं. मग गाठीत जाड सुई खुपसून आतला तुकडा काढला. निकाल फोननं कळवू म्हणाले. इन्चोल दुसऱ्याच दिवशी बोटीवर गेला.

फोन आला तेव्हा पिलसुन गाळ्यावर होती आणि समोर तीन गिऱ्हाइकं उभी होती. पलीकडून कोवळ्या आवाजाची कुणी पोरगी म्हणाली, "आजी, तपासणीचा निकाल आला. यांगसंग आहे. आता पुढची तारीख..."

पिलसुननं फोन बंद केला.

आता या शब्दाचं असं आहे की त्याला दोन तोंडं आहेत. डॉक्टरांच्या तोंडी यांगसंग म्हणजे साधी, जिवाला धोका नसलेली गाठ. पण महामारीच्या वर्षी नाकात काडी घालून जी तपासणी करायचे, तिच्यातही यांगसंग यायचं, आणि तिथे त्याचा अर्थ रोग सापडला असा होता. पिलसुनला तेव्हा यांगसंग आलं होतं. तिच्या गाळ्याला पट्टी लावली होती, बोंगजा नाकाला रुमाल लावून लांबून हात हलवत होती, आणि मिरान दाराबाहेर जेवणाचं ताट ठेवून निघून जात होती. पिलसुनला हा शब्द तिथे भेटला. दुसरं तोंड तिनं पाहिलंच नव्हतं. शाळेत ती गेली होती दोन पावसाळे, तेही धाकट्या भावाला पाठीशी बांधून.

तिनं तिन्ही गिऱ्हाइकांना माल दिला. मग ती स्टुलावर बसली आणि त्या दिवशी तिनं कुणाला एक टोमणा मारला नाही.

कर्करोग. तो शब्द ती मनातसुद्धा उच्चारत नव्हती. तिची मोठी बहीण त्यानं गेली होती आणि शेवटी तिचं तोंड उघडत नव्हतं. पिलसुनला मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही, पण त्याहून जास्त भीती मिरानला ते कळण्याची वाटत होती. कळलं की ती काठ्या उचलेल, स्टूल आपल्या उंचीचं करून घेईल. म्हणून पिलसुन गप्प राहिली. दिवस गेले. घरात भांडी वाजेनाशी झाली. कोबीची किमची खारट झाली तरी ती बोलली नाही. एका संध्याकाळी ती मिरानला म्हणाली, तू जेवून घे आधी. मिराननं तिच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारल्यासारखं, आणि मग मान खाली घालून आधी जेवली. पिलसुनला वाटलं, बरं झालं, हिला संशय नाही.

पुढच्या भेटीला जायचं तेव्हा इन्चोल दर्यात होता. मिरान बरोबर आली. पिलसुननं तिला येऊ दिलं, कारण गांगनुंगच्या त्या इस्पितळात इतके जिने, लिफ्ट आणि रंगीत रेघा आहेत की शिकलेला माणूसही तिथे चुकतो.

डॉक्टरांचं नाव योम. तरुण, नीटनेटके, बोलताना हातातलं पेन फिरवणारे. त्यांनी पडद्यावर जबड्याचं चित्र दाखवलं. चावायच्या स्नायूत पांढरा गोळा दिसत होता. ते म्हणाले की ही नसेच्या वेष्टणावर वाढलेली गाठ आहे. नस म्हणजे तार धरा, आणि गाठ तारेच्या आवरणावर. कानापुढून खाली जबड्याच्या कडेपर्यंत चीर द्यावी लागेल. पण त्या स्नायूवरून चेहरा हलवणाऱ्या नसा जातात, झाडाच्या फांद्यांसारख्या. त्या जपत जपत...

"जपू नका," पिलसुन म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"मुळासकट काढा. नसा-बिसा काही ठेवू नका. तोंड वाकडं झालं तर होऊ दे. जेवढे दिवस उरलेत तेवढे वाकड्या तोंडानं काढीन, पण आत काही राहता कामा नये."

"कसले दिवस उरलेत, आजी?"

"मी तुमची आजी नाही. यांगसंग आलंय ना? फोनवर सांगितलंय मला. मी रडणाऱ्यांतली नाही, सरळ बोला."

 डॉक्टर योमनी पेन खाली ठेवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं, हळू, दोन वेळा सांगितलं. यांगसंग म्हणजे साधी गाठ. कर्करोग नाही. पसरत नाही. तिच्यानं कुणी मरत नाही. आणि शेवटी जरा गोंधळून ते म्हणाले, "पण हे तर आम्ही सूनबाईंना फोनवर सविस्तर सांगितलं होतं. तुमचा फोन लागेना म्हणून त्यांना केला, त्याच दिवशी."

 पिलसुन वळली. मिरान भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर दोघींचे कोट, चेहरा नेहमीसारखा, कोरा.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी रोज मरत होते ते बघत बसलीस?"

"पहिले दोन दिवस मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," मिरान म्हणाली. "मग कळलं, नाही."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही विचारलं नाहीत, आई."

पिलसुननं तिच्या मांडीवरचा आपला कोट हिसकावून घेतला. डॉक्टरांनी पुन्हा पेन उचललं आणि चर्चा रुळावर आणावी म्हणून म्हणाले की थोडक्यात काय, गाठ काढून टाकायची, आजूबाजूचं सगळं तसंच ठेवायचं.

"गाठ काढून टाकायची आमच्या आईंना सवय आहे," मिरान म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बसची वेळ सांगावी तसा होता. "माझी तर त्यांनी सुरी न लावता काढली. सामचोकला पाठवली."

डॉक्टर योमना ते कळलं नाही. ते पडद्याकडे बघायला लागले.

परतीच्या बसमध्ये दोघी वेगवेगळ्या रांगेत बसल्या. पिलसुन खिडकीतून दर्या बघत होती आणि संतापानं तिचा गाल ठणकत होता. पण संतापाच्या खाली आणखी एक गोष्ट सरपटत वर येत होती. मरायचं ठरलं होतं तेव्हा तोंड स्वस्त होतं. आता जगायचं होतं, आणि जगायचं तर हे तोंड सरळ हवं होतं. दोघी निघताना डॉक्टर म्हणाले होते की शंभर टक्के हमी कुणीच देत नाही. एखादी फांदी ताणली गेली तर ओठाचा कोपरा काही महिने लोंबेल. तुटली तर कायमचा. लोंबत्या ओठानं बाजारात ओरडणार कसं? लाळ गळत असलेल्या बाईचा टोमणा कुणाला लागतो? लोक कीव करतील. बोंगजा कीव करेल. 

शस्त्रक्रिया नको म्हणावं असंही तिच्या मनात आलं. पण गाठ वाढत होती, जांभई देतानासुद्धा आता जबडा अडकायचा, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ती जितकी मोठी होईल तितक्या नसा तिच्याभोवती ताणल्या जातील. तिनं तारीख घेतली.

भरती व्हायच्या दिवशी खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "पालक कोण?"

"माझे आईबाप मरून जमाना झाला," पिलसुन म्हणाली. "आणि असते तरी त्यांनी काय केलं असतं?"

बाईनं शांतपणे सांगितलं की पेशंटबरोबर घरचं कुणीतरी हवं. सही करायला, खाटेशेजारच्या बाकड्यावर झोपायला, शस्त्रक्रियेच्या वेळी दाराबाहेर थांबायला. पिलसुननं इन्चोलचं नाव सांगितलं, पण माकुलाचा हंगाम होता आणि बोट दूर गेली होती. सूजोंगला फोन केला. सूजोंग म्हणाली की तिला या आठवड्यात अजिबात जमण्यासारखं नाही, पण ती फळांची टोपली पाठवते. मग मिराननं पुढे होऊन सही केली. पिलसुन छताकडे बघत होती.

त्या रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नव्हतं. सकाळी नर्सनं विचारलं, खोटे दात आहेत का? मिरान शेजारी उशी झटकत होती. पिलसुन म्हणाली, नाहीत, सगळे माझे. ढकलगाडीवरून नेताना दुसऱ्या नर्सनं तेच विचारलं. मिरान गाडीला हात लावून चालत होती. पिलसुन म्हणाली, एकदा सांगितलं ना. शस्त्रक्रियेच्या मोठ्या दाराशी मात्र एक जाडजूड नर्स उभी होती. ती विचारतच बसली नाही. तिनं हातमोजा घातला आणि म्हणाली, तोंड उघडा, दात सैल असला आणि झोपेत घशात गेला तर जीव जाईल.

पिलसुननं डोळे मिटले. वरचे पुढचे चार दात पट्टीसकट निघून आले. ते तिनं सामचोकपलीकडच्या एका गावात बसवून घेतले होते, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून, आणि रोज सगळे झोपल्यावर पांघरुणाखाली काढून पुन्हा पहाटे घालत होती. नर्सनं ते निळ्या झाकणाच्या डबीत टाकले आणि डबी मिरानच्या हातात दिली. "पालकांनी जपून ठेवा."

डबी खुळखुळली. मिराननं झाकण उघडून आत बघितलं आणि पुन्हा लावलं. ती हसली असती तर पिलसुननं गाडीवरून उडी मारली असती. पण ती हसली नाही, तिनं डबी पिशवीत ठेवली आणि दार बंद झालं.

जाग आली तेव्हा डोक्याभोवती फेट्यासारखी पट्टी होती, कानाखालून एक बारीक नळी निघाली होती, आणि डावा गाल लाकडाच्या फळीसारखा होता. तिचा नव्हताच तो. ती पांघरूण नाकापर्यंत ओढून पडून राहिली. ओठ हलतो का ते बघायला हवं होतं, पण बघायचं धाडस होत नव्हतं. पांघरुणाखाली तिनं बोट ओठाच्या डाव्या कोपऱ्याला लावलं. बोटाला ओठ कळला. ओठाला बोट कळलं की नाही, ते तिला सांगता येईना.

आणि मिरान बोलत होती.

ती बाकड्यावर बसून पेजेतल्या गुठळ्या चमच्यानं मोडत होती आणि बोलत होती. विचारल्याशिवाय. पिलसुनला आधी वाटलं, भुलीचा अंमल आहे. मिरान सांगत होती की पहिल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जायला तुम्ही सोडलं नाहीत, कारण माकुलं सुकवायची होती आणि मग पाऊस आला आणि माकुलं तशीही भिजली. ती सांगत होती की मुलीला ताप आला तेव्हा तुम्ही म्हणालात, गाठ दुखली तर तिच्या जागी दुखू दे. मुलगी आता सामचोकच्या सिमेंटच्या कारखान्यात हिशेब बघते आणि तिला भेटायला मी दर महिन्याला जाते, तुम्हाला सांगायची की काठ्या आणायला चालले. इतक्या काठ्या लागतात का कुठल्या गाळ्याला? तुमच्या कधी लक्षात आलं नाही. तुमचं लक्ष गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे.

मग तिनं चमचा पुढे केला. पिलसुननं मान फिरवली. जबडा एक बोटभर उघडत होता.

"नको तर नको," मिरान म्हणाली, आणि ती पेज स्वतःच खायला लागली.

पिलसुनच्या मनात उत्तरं उकळत होती, एकाहून एक. एकही बाहेर येत नव्हतं. तिला कळून चुकलं की ही बाई वीस वर्षं गप्प नव्हती, साठवत होती.

दुपारी डॉक्टर योम आले, मागे दोन शिकाऊ डॉक्टर. त्यांनी सांगितलं की गाठ छान निघाली. स्नायूचे धागे बाजूला केले, वेष्टण उघडलं, आणि उकडलेल्या शेंगेतून दाणा सुटावा तशी ती अख्खी सुटून आली. आता फक्त नसा बघू. कपाळाला आठ्या घाला. पिलसुननं घातल्या, त्या तशाही होत्याच. डोळे घट्ट मिटा. मिटले.

"आता दात दाखवा. ई म्हणा. ईऽऽ."

पिलसुननं पांघरूण आणखी वर ओढलं.

डॉक्टर म्हणाले, जरा दुखेल, पण करून दाखवा. पिलसुननं ओठ घट्ट मिटले. समोर तीन परके पुरुष होते आणि त्यांच्या मागे मिरान, जिच्या पिशवीत ती डबी होती. पुढचं खिंडार या सगळ्यांसमोर उघडं करायचं? आणि उघडलं आणि डावी बाजू आलीच नाही तर? तिनं मान हलवली, नाही. डॉक्टरांनी पांघरूण हळूच खाली केलं आणि ओठाच्या कोपऱ्याला बोट लावून म्हणाले, इथे जोर द्या. ओठ हलला नाही. दोन्ही बाजूंचा हलला नाही, पण डॉक्टरांचं सगळं लक्ष डाव्या बाजूला होतं. त्यांचा चेहरा बदलला. ते शिकाऊ डॉक्टरांशी हळू आवाजात बोलले, पण पिलसुनचे कान शाबूत होते. नस अजिबातच प्रतिसाद देत नसेल तर थांबण्यात अर्थ नाही, ते म्हणत होते. पुन्हा उघडून बघावं लागेल. आजच.

पुन्हा ते दार. पुन्हा ती सुरी.  आता तिनं खरोखर प्रयत्न केला, पण भीतीनं सगळा चेहराच थिजला होता, आणि आतून कुठलीही दोरी ओढली जात नव्हती. तिला स्वतःलाच कळेना की नस मेलीय की तीच अडून बसलीय.

डॉक्टर मिरानकडे वळले आणि म्हणाले की पालकांची पुन्हा सही लागेल.

मिराननं सही केली नाही. ती खाटेच्या पायथ्याशी आली, हात पाठीमागे बांधले, आणि पिलसुनच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलं. तुम्ही भरती व्हायच्या आदल्या दिवशी, सामान बांधायला घरी होतात तेव्हा, मी तुमच्या गाळ्यावर पेरू देशाचं माकूल लावलं. ते गोठवून आणतात ना, जाडं, साबणाच्या वडीसारखं. तुमच्याच काठ्यांना लावलं आणि तुमचंच म्हणून विकलं. हातोहात गेलं. लोक म्हणाले, यंदा म्हातारीचा माल पहिल्यांदाच चावण्यालायक आहे."

मुखोच्या बायकांची सगळ्यात जुनी शिवी ई या अक्षरानंच सुरू होते. आता पिलसुननं ती आठवली नाही. ती शिवीच तिच्या पोटातून उठली, छातीतून आली आणि तोंडावर येऊन थडकली. वरचा ओठ मागे गेला, खालचा ओठ ताणला, पुढच्या चार दातांचं खिंडार आणि गुलाबी हिरड्या सगळ्या वॉर्डाला दिसल्या, आणि डावा कोपरा उजव्याइतकाच उंच चढला. कदाचित केसभर जास्तच.

"ईऽऽऽ..."

"बस," डॉक्टर योम म्हणाले. ते वाकून कोपऱ्याकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "बस, आजी. हेच हवं होतं. नस उत्तम आहे." शिकाऊ डॉक्टरांपैकी एकजण हसू दाबत खिडकीकडे वळला. डॉक्टर योम म्हणाले की आता पुन्हा उघडायची गरज नाही, सूज आहे ती उतरेल, आणि सूप-पेज चालू ठेवा, चावायचं मात्र नाव काढू नका. दोन महिने तरी नाही.

ते गेले. पिलसुन धापा टाकत होती. टाक्यांवर कळा मारत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दुखण्याचं होतं. तसंच समजायचं.

"खरं सांग," ती म्हणाली. शब्द दातांच्या खिंडारातून शिट्टीसारखे निघत होते. "लावलंस?"

मिराननं पिशवीतून डबी काढली, झाकण उघडलं, आतले दात पाण्यानं धुतले आणि पिलसुनच्या हातात ठेवले. मग ती बाकड्यावर बसली आणि सूजोंगनं पाठवलेल्या टोपलीतली नासपती सोलायला लागली, स्वतःसाठी.

"मी विचारतेय तुला."

"हो, आता विचारताय," मिरान म्हणाली.

"लावलंस की नाही?"

साल एकसंध, न तुटता सुरीवरून खाली उतरत होती. मिराननं फोड कापली, तोंडात घातली, कुरकुर आवाज करत नीट चावली आणि गिळली.

"थोडं शिल्लक आहे गाळ्यावर," ती म्हणाली. "चावता यायला लागलं की तुम्हीच खाऊन बघा."